खोंडाच्या खांद्यावर पहिले जू



सुगी आटोपली, भाताची मळणी झाली, पिंजराच्या गंज्या रचून झाल्या. आता जरा उसंत आहे. या उसंतीत सदराकडे आलेली पत्रे चाळताना ध्यानात आले, की तीन पत्रे एकाच विषयाची आहेत. एक कानूर भागातले, दुसरे कोवाड बाजूचे. दोघांचाही प्रश्न असा, की घरच्या गाईचा खोंड अडीच वर्षांचा झाला, जोडीतला एक बैल म्हातारा झाला, तर येत्या पावसाळ्यात चिखलणीला खोंड जुंपला तर चालेल काय? तिसरे पत्र हेरे भागातल्या एका भगिनीचे आहे. मालक मुंबईला नोकरीस, घरी त्या आणि सासरे. खोंड जुवाखाली घातला की मटकन खाली बसतो. शेजारी म्हणतात, 'शेपूट पिरगाळा, चार हाणा, उठेल.' सासऱ्यांचा हात उचलत नाही. काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

बाई, तुमच्या सासऱ्यांचा हात उचलत नाही हे बरेच आहे. तुमच्या खोंडाकडे पुढे येतो. आधी पहिल्या दोघांना उत्तर देतो. खोंड शिकवायला आजपासून सुरुवात करा. पण येत्या चिखलणीला त्याला जुंपू नका. शिकवणे वेगळे आणि राबवणे वेगळे. आपल्याकडे या दोन गोष्टींची गल्लत होते आणि तिथेच चांगले चांगले खोंड बिघडतात. मे महिन्यात वेसण घालायची, जूनमध्ये जू चढवायचे आणि त्याच पंधरवड्यात गुडघाभर चिखलात ढकलायचे, याला शिकवणे म्हणत नाहीत.

बिघडलेला बैल म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. बसका झाला, मारका झाला, जू दिसताच अंग चोरू लागला, की असा बैल बाजारात कोणी घेत नाही आणि घेतलाच तर पडत्या भावात. राज्यात बैलाच्या कत्तलीला मार्च २०१५ पासून बंदी आहे. म्हणजे कामातून गेलेला बैल पुढची आठ-दहा वर्षे गोठ्यात उभा राहून वैरण खाणार. घरच्या गाईचा म्हणून फुकटात मिळालेला खोंड असा फार महाग पडतो. उलट नीट शिकवलेला बैल दहा-बारा वर्षे साथ देतो. चंदगडच्या पश्चिम भागात डोंगरउतारावरच्या चिंचोळ्या पायऱ्यांच्या खाचरात पॉवर टिलर वळतही नाही. तिथे आजही बैलाचीच गरज लागते. सहा महिने सबुरीने घालवायचे, एवढाच काय तो खर्च.

आता तुम्हाला थोडे लांबचे एक उदाहरण देतो. सन २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊ येथे आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. तिथे २६ सप्टेंबरला आपल्या देशाच्या चार घोडेस्वारांनी 'ड्रेसाज' नावाच्या प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळवले. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. बरोबर अनुश अगरवाला, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला. त्यांच्या आधी आशियाई स्पर्धेत घोडेस्वारीचे सुवर्ण आपल्याला मिळाले होते ते १९८२ साली दिल्लीत. मध्ये एकेचाळीस वर्षे गेली.

ड्रेसाज म्हणजे शर्यत नव्हे, उड्याही नव्हेत. साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद अशा आखलेल्या मैदानात घोड्याने ठरलेल्या रेषांवर चालायचे, दुडकायचे, दौडायचे, वळायचे, थांबायचे. स्वार हुकूम देतो तो पायाच्या किंचित दाबाने आणि लगामाच्या हलक्या स्पर्शाने. पाहणाऱ्याला वाटावे, घोडा आपणहूनच हे करतो आहे. या खेळाच्या सर्वांत वरच्या दर्जाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आठ वर्षांखालचा घोडा उतरवताच येत नाही, असा नियम आहे. घोड्याच्या पाठीवर खोगीर मात्र तिसऱ्या-चौथ्या वर्षी चढते. मधली चार-पाच वर्षे नुसती शिकवणी.

शिंगराला आधी माणसाच्या हाताची सवय लावतात. अंगावरून हात फिरवणे, चारही पाय उचलून खूर पाहणे, दोरीने शेजारून चालवणे, हे सगळे स्वारीच्या कितीतरी आधी. मग लांब दोरीवर मोठ्या वर्तुळात फिरवतात, थोडे डावीकडून, थोडे उजवीकडून, आणि 'चल', 'थांब' हे शब्द शिकवतात. मग खोगीर चढते, पण रिकामे. त्या रिकाम्या खोगिरासह बरेच दिवस फिरवल्यावर एक दिवस माणूस पाठीवर नुसता आडवा पडतो आणि लगेच उतरतो. घोडा दचकला नाही, तरच पुढे केव्हातरी तो पाय टाकून बसतो. पहिले काही आठवडे नुसते चालणे आणि थांबणे, तेही वीस मिनिटे. घोड्याच्या शरीराचा जास्त भार मुळातच पुढच्या पायांवर असतो. त्यावर माणसाचे ओझे आले की त्याचा तोल बिघडतो आणि तो त्याला नव्याने सावरायला लागतो. हा तोल सापडेपर्यंत जाणता स्वार त्याच्याकडून दुसरे काहीच मागत नाही. कारणही सरळ आहे. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत पुरी होत नाही. वर्षभर आधी भार टाकला तर घोडा त्या वेळी काही बोलत नाही. पुढे पाठ धरतो.

तुम्ही म्हणाल, लाखो रुपयांचे घोडे, श्रीमंतांचे खेळ, आमच्या खोंडाशी त्यांचा काय संबंध? संबंध आहे. जनावर शिकते कसे, हे घोड्यात आणि खोंडात वेगळे नाही. आणि घोडा आपल्यालाही परका नाही. पावसाळा संपला की मेंढरे घेऊन उतरणाऱ्या धनगरांची तट्टे तुम्ही पाहिली असतील. सगळा संसार, कोंबड्या, कधी तान्हे पोर पाठीवर घेऊन ती कशी शांत चालतात! त्या तट्टांना कोणी मारून शिकवलेले नसते. ती शिंगरू असताना आईच्या मागे मोकळी चालत चालतच शिकतात.

आता खोंडाकडे वळू. वय आधी पाहा. जन्मतारीख लिहून ठेवण्याची आपल्याकडे रीत नाही, म्हणून दात पाहावेत. दुधाचेच दात असतील तर तो आदत. त्याला कामाचे नाव काढू नये. समोरचे दोन पक्के दात साधारण दोन ते अडीच वर्षांत येतात, तो दुसा. चार दात तीन वर्षांच्या आसपास, तो चौसा. सहा दात साडेतीन ते चारला आणि आठ दात जुळायला साडेचार-पाच वर्षे लागतात. आपल्या डोंगरी भागातल्या, निव्वळ पिंजरावर वाढलेल्या जनावरात हे सगळे थोडे उशिराच होते. बैलाच्या पायांच्या लांब हाडांच्या टोकांची वाढ साडेतीन-चार वर्षांपर्यंत चालू असते. म्हणून माझा हिशेब असा: दुसा झाला की शाळेत घालावा, चौसा झाला की हलके काम सांगावे, सहा दात झाले की निम्मा दिवस आणि जुळला की पुरा बैल. अडीच वर्षांचा खोंड येत्या आषाढात तीन वर्षांचा होईल. धूळवाफ पेरणीच्या वेळी हलका कुळव सकाळी अर्धा-पाऊण तास ओढायला हरकत नाही. चिखल मात्र पुढच्या वर्षी. चिखलात पाय रुततो, दर पावलाला तो उपसून काढावा लागतो, त्यात औताची ओढ. कोवळ्या सांध्यांना याच्याइतके वाईट काम दुसरे नाही. हे एक वर्ष ज्यांच्या खाचरात जातो त्यांनी टिलर भाड्याने घ्यावा, ज्यांच्या नाही जात त्यांनी पैरा करावा.

वेसण आणि खच्चीकरण या दोन्ही गोष्टी शिकवणीच्या आधी उरकाव्यात, आणि त्याही थंडीत. पावसाळ्यात नाक टोचले तर माशा बसून जखमेत किडे पडतात. वेसण नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या मऊ जागी, कुर्च्याच्या पुढे घालावी. कुर्च्यातून घातली तर जखम भरत नाही आणि बैल जन्मभर नाकाला हात लावू देत नाही. हत्यार उकळून घ्यावे, दोरी सुती आणि मऊ असावी. त्यानंतर किमान तीन आठवडे त्या वेसणीला हिसका बसता कामा नये. तोवर म्होरकीनेच बांधावे आणि म्होरकीनेच न्यावे. खच्चीकरण पशुवैद्यकीय दवाखान्यात चिमट्याने होते. तिथे भूल देऊन करवून घ्यावे. दगडाने ठेचण्याचा जुना प्रकार आता कोणी करू नये. फार लहानपणी खच्ची केला तर मान आणि वशिंड भरत नाही, म्हणून ओढकामाच्या खोंडाला दोन वर्षांनंतरच करावे. त्यानंतरही तीन-चार आठवडे विश्रांती हवी.

आता खरी शिकवणी. पहिला पंधरवडा जू नाहीच. रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटे म्होरकीला धरून अंगणातून, बांधावरून, रस्त्याच्या कडेने फिरवायचे. खांद्यावर गोणपाट टाकायचे, काढायचे, पुन्हा टाकायचे. मानेवर तळहाताने दाबायचे आणि तो स्थिर उभा राहिला की लगेच हात काढायचा. हे 'लगेच' महत्त्वाचे आहे. घोडा शिकवणारे लोक पायाने दाब देतात आणि घोडा हलला की त्याच क्षणी दाब काढतात. दाब निघणे हीच त्याची शाबासकी. आपल्याकडे उलट होते. बैल वळला तरी कासरा ताणलेलाच, चालला तरी चाबूक वाजतोच. मग त्याला कळावे कसे, की आपण बरोबर केले? वळला की कासरा सैल, थांबला की कासरा सैल. एवढे सांभाळले तरी निम्मी शिकवणी झाली असे समजा.

शब्द मोजके आणि ठरलेले ठेवा. थांबायला 'होऽ' म्हणत असाल तर घरातल्या सगळ्यांनी 'होऽ'च म्हणावे. बाप एक म्हणतो, मुलगा दुसरे ओरडतो, नातू मोबाईलवर शर्यतीची चित्रे पाहून तिसरेच काहीतरी किंचाळतो. खोंड बिचारा कान हलवत उभा. शर्यतीवरून आठवले. बैलगाड्यांच्या शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये रीतसर मान्यता दिली, तेव्हापासून तरुण मंडळींत उत्साह संचारला आहे. हौस जरूर करावी. पण पळवायला शिकवलेला खोंड आणि औताला शिकवलेला खोंड यांचे शिक्षण वेगळे असते. एकाला दावणीतून सुटताच उसळायला शिकवतात, दुसऱ्याला दावणीतून सुटताच शांत उभे राहायला. दोन्ही एकाच खोंडाकडून मागू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून जू आणावे. मधला थोरला बैल आधी जुंपावा आणि मग खोंडाला त्याच्या शेजारी, त्याला जो बाजूचा बैल करायचा त्या बाजूला उभे करावे. शिवळा घालाव्यात, मानेखालची सापती सैल बांधावी. मागे काही नाही. नुसते जू घेऊन दोघे चालतील. पहिल्या दिवशी पाच मिनिटे पुरे. खोंड मागे-पुढे होईल, मान झटकेल, आडवा होईल. थोरला बैल त्याला आपल्या चालीने ओढून नेतो. या शिकवणीत खरा मास्तर माणूस नसून हा थोरला बैल असतो. घोडेवाल्यांत म्हण आहे, की कोऱ्या घोड्याला जाणता स्वार द्यावा आणि कोऱ्या स्वाराला जाणता घोडा. आपण दोन्ही कोरे एकत्र आणतो. म्हातारा बैल विकून त्या पैशात दुसरा खोंड आणायचा आणि दोन खोंडांची नवी जोडी एकदम शिकवायची, असे करणारे मी या तालुक्यात दरवर्षी पाहतो. दोघेही एकमेकांना बुजवतात, दोघेही बिघडतात. म्हणून पत्र लिहिणाऱ्या दोघांनाही आग्रहाने सांगतो, म्हातारा बैल एवढे वर्ष राखा. त्याच्या अंगात नांगराची ताकद राहिली नसेल, पण तासात कसे चालावे आणि टोकाला कसे वळावे हे त्याला जितके येते तितके तुम्हाला-मला येत नाही. घरात म्हातारा बैल नसेल तर भावकीतला, शेजारचा मागून आणा. गावात बैलजोड्या कमी होत चालल्या आहेत, तशी ही मास्तर मंडळीही कमी होत चालली आहेत.

नुसत्या जुवाने दोन आठवडे गेले की मागे हलका ओंडका बांधावा. ओंडक्याचा आवाज मागून येतो, त्याला खोंड बुजतो; म्हणून आधी तो ओंडका दुसऱ्या कोणाकडून त्याच्या शेजारून ओढवावा, आवाज ओळखीचा झाला की मग बांधावा. मग रिकामी गाडी, मग हलका कुळव. वेळ वीस मिनिटांवरून अर्धा तास, दीड-दोन महिन्यांनी एक तास. दर चार-पाच दिवसांनी एक दिवस सुट्टी. आणि वळणे दोन्ही बाजूंनी घ्यावीत. माणूस जसा उजवा-डावा असतो तसे प्रत्येक जनावर एका अंगाने ताठ असते. घोडेवाले म्हणून दोन्ही हातांवर सारखे फिरवतात. आपण शेतात एकाच अंगाने फेऱ्या मारतो, खळ्यात तिवड्याभोवतीही एकाच अंगाने. मग दुसऱ्या अंगाने वळायचे म्हटले की बैल अडतो आणि आपण म्हणतो, अडेल आहे.

जुवाची आणखी एक खुबी सांगतो, कारण ती नवी पिढी विसरत चालली आहे. कामाचा बैल आपल्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा इतक्या जोराने बराच वेळ ओढू शकतो. साडेतीनशे किलोचा थोरला पस्तीस किलोंची ओढ घेईल, अडीचशे किलोचा खोंड पंचवीस किलोंची. दोघे मिळून साठ. पण औताची दोरी जुवाच्या बरोबर मध्यावर बांधली तर दोघांच्या खांद्यावर तीस-तीस येणार, म्हणजे खोंडावर झेपेल त्याहून जास्त. दोन मानांमधले अंतर समजा १२० सेंटिमीटर आहे. दोरीचा बांध मध्यापासून दहा सेंटिमीटर थोरल्याच्या बाजूला सरकवला, की थोरल्यावर पस्तीस आणि खोंडावर पंचवीस अशी वाटणी होते. साधारण पाच बोटे मोजली की तेवढे अंतर झाले. तराजूची दांडी ज्याने हातात धरली आहे त्याला हे लगेच पटेल. खोंड भरत गेला की बांध हळूहळू मध्याकडे आणावा.

आता हेरे भागातल्या भगिनींच्या खोंडाचे. खोंड जुवाखाली बसतो तो बहुतेक तीन कारणांनी: दुखते म्हणून, दमतो म्हणून किंवा भितो म्हणून. कारण पाहिल्याशिवाय हात उगारू नये. प्रथम खांदा चाचपा. गरम लागतो काय, सुजला आहे काय, दाबल्यावर अंग काढतो काय? जुवाची आतली बाजू हाताने चाचपा, गाठ किंवा खरखरीत कड आहे काय? खुरात खडा अडकला आहे काय? यांतले काही असेल तर ते बरे होईपर्यंत जू बंद. काही नसेल तर तो दमलेला किंवा घाबरलेला आहे. अशा वेळी मागची ओढ सोडा, पण जू सोडू नका. बसल्यावर जू सुटते हे एकदा त्याला कळले, की तो रोज बसेल. ओढ सोडून गप्प उभे राहा, सासऱ्यांनी तंबाखू मळून घ्यावी, पाच-दहा मिनिटे जाऊ द्यावीत. थोरला बैल उभाच असतो, त्यामुळे खोंडाला तसे फार वेळ बसवत नाही. मात्र बसलेल्या मानेवर जू आवळले जाऊन गळा दाबत नाही ना, तेवढे पाहा. दाबत असेल तर सापती सैल करा. तो उठला की दहा पावले नुसती चालवा, 'होऽ' म्हणून थांबवा, मान खाजवा आणि तिथेच जू काढा. त्या दिवसाची शाळा संपली. दुसऱ्या दिवशी वीस पावले. तुमचा खोंड पंधरा-वीस दिवसांत बसायचे सोडेल असे मला वाटते. एक शंका आहे, तुम्ही पत्रात तो किती वेळ चालल्यावर बसतो हे लिहिलेले नाही. दर वेळी ठराविक वेळाने बसत असेल तर तो दमतो आहे. वेळ निम्मी करा.

शेपूट पिरगाळण्याने शेपटीचे मणके निखळतात. बाजारात बैल घेताना शेपटीवरून हात फिरवून पाहावे. वाकडी, गाठी आलेली शेपूट त्या बैलाची सगळी हकीकत सांगते. खिळ्याची पराणी तर कायद्यानेच बंद आहे. ओढकामाच्या जनावरांबाबतचे १९६५ सालचे नियम आहेत, त्यात टोकदार काठी, खिळ्याचे जू या गोष्टींना मनाई आहे. दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त आणि सदतीस अंशांवर ऊन असताना दुपारी बारा ते तीन जनावर राबवू नये असेही त्यात आहे. हे नियम पुऱ्या वाढीच्या बैलासाठीसुद्धा आहेत. खोंडाला यांच्या निम्मेही नको.

खांद्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात पावसाने खांदा लवकर जातो. भिजलेली कातडी मऊ पडते, भिजलेले जू जड आणि खरखरीत होते, आणि दोन्ही एकमेकांवर घासले की आधी केस जातात, मग साल जाते, मग सूज धरते. कोवळ्या खोंडाची कातडी रोज थोडी थोडी घासून घट्ट व्हावी लागते. आठवड्यातून एकदाच चार तास जुंपला तर ती सोलते. जू खांद्यावर जेवढे रुंद टेकेल तेवढे चांगले. काच कागदाने ते गुळगुळीत करून घ्यावे, तेल पाजावे, पावसात गोठ्यात कोरड्या जागी टांगावे. काम संपल्यावर खांदा कोरड्या फडक्याने पुसावा आणि हाताने चोळावा. सूज आलीच तर काम त्याच दिवशी थांबवावे. ताज्या सुजेवर मॅग्नेशियम सल्फेट ग्लिसरीनमध्ये कालवून लावतात, ते डॉक्टरांना विचारून लावावे. बिब्बा, डाग, सुईने फोडणे यांतले काही करू नये. फोडलेला खांदा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. सन २०२२ च्या साथीत किंवा त्यानंतर ज्या खोंडांना लम्पी होऊन गेला आहे, त्यांच्या खांद्यावर जुन्या गाठींचे वण असू शकतात. तेथे जू टेकत असेल तर आधी दाखवून घ्या.

पत्री मारण्याची घाई नको. शेतात आणि मातीच्या वाटेवर खुराला तिची गरज नाही. डांबरी रस्त्यावर गाडी रोजची होईल तेव्हा मारावी.

शेवटी खाण्याचे, कारण भगिनींनी तेही विचारले आहे. नुसत्या पिंजरावर खोंड वाढत नाही. भाताच्या पिंजरात पोषण कमी आणि त्यातले ऑक्झॅलेट अंगातला चुना धरून ठेवते. हाडे वाढायच्या वयात हेच नडते. हिरवी वैरण, बांधावरचे गवत, उसाच्या वाड्याबरोबर थोडा शेंगवर्गीय चारा, रोज किलोभर पेंड-भुसा, तीस ग्रॅम खनिज मिश्रण आणि तेवढेच मीठ द्यावे. वाड्यातही ऑक्झॅलेट असते, म्हणून खनिज मिश्रण चुकवू नये. जंताचे औषध शिकवणी सुरू करण्याआधी द्यावे. लाळ-खुरकुताची लस टोचली त्या आठवड्यात जू नको. शिकवणीच्या आधी पोटभर वैरण देऊ नये, भरल्या पोटी खोंड धापा टाकतो. पाणी पाजून न्यावे आणि परत आल्यावर, धाप उतरली की, दावणीत वैरण टाकावी. गुळाचा खडा द्यावासा वाटला तर जू काढल्यावर देऊ नका, जू घालून शांत उभा राहिला त्या वेळी द्या.